डागडुजीचा कायदा

पावसाळा तोंडावर आला की नगरपरिषदा जुन्या गावातल्या काही दारांवर नोटिसा चिकटवतात. आपली इमारत धोकादायक झाली आहे, ती उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार राहाल, असा त्यांचा आशय असतो. १९६५च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेला हा अधिकार दिला आहे आणि तो असायलाच हवा, कारण सततच्या पावसात भिजलेली मातीची भिंत रस्त्यावर कोसळून माणसे दगावतात. पण शंभर वर्षे उभ्या असलेल्या घराला कराच्या पावतीखेरीज पालिकेकडून मिळणारा हा एकच कागद असतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. घर उतरवा म्हणणारा कागद आहे. ते सावरायचे कसे, कोणती भिंत काढायची नि कोणती ठेवायची, काम कोण करील, पैसे कुठून येतील, हे सांगणारा कागद नाही. सेलूसारख्या गावातल्या जुन्या वस्तीसाठी काही नियम करायचे असतील तर त्यांची सुरुवात इथून व्हावी. आधी दुरुस्तीचा नियम, मग रूपाचा. हा क्रम उलटा केला तर दोन्ही हातचे जातील, असे माझे ठाम मत आहे.

सेलू हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. २०११च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आतली वस्ती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाच्या राज्यातली रेल्वे १९००च्या सुमारास धावू लागली आणि वाटेवरच्या सेलूच्या कापसाला दूरचा बाजार मिळाला. जिनिंग आले, अडत आली, व्यापारी पेढ्या आल्या. त्याआधीचीही या गावाला ओळख आहे. दासगणूंनी साईबाबांचे गुरू म्हणून ज्यांचे वर्णन केले ते गोपाळराव देशमुख सेलूचे, अशी मान्यता आहे. शेजारच्या पाथरीला अनेक भाविक साईबाबांचे जन्मस्थान मानतात. जानेवारी २०२०मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीने बंद पाळला होता, हे वाचकांना आठवत असेल. श्रद्धेच्या जागेवर राज्यभर वाद होऊ शकतो, निधी जाहीर होऊ शकतो. त्याच गावांत देवळाच्या चार पावलांवर उभ्या असलेल्या राहत्या घरांचा विचार मात्र कोणत्याच खात्याच्या कक्षेत येत नाही. राज्याचा १९६०चा पुरातत्त्व कायदा स्मारकांसाठी आहे. चूल पेटत असलेले, वारसांच्या नावांनी भरलेले, मागच्या बाजूला पत्र्याची शेड जोडलेले घर त्याच्या चौकटीत बसत नाही. उलट तीर्थक्षेत्र विकासाची योजना आली की पहिला घाव अशाच घरांवर बसतो. पंढरपुरात मंदिर परिसराच्या कॉरिडॉरचा प्रस्ताव पुढे आल्यापासून तिथले रहिवासी आणि जुने वाडे ज्या धास्तीत आहेत, ती धास्ती आपल्याही गावात कधी तरी येऊ शकते.

या भागातल्या जुन्या घराची रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्यासाठी नियम करता येणार नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रस्त्याला लागून दगडी जोते, त्यावर ओटा. मग दिंडीचा दरवाजा, आत ढाळज. तिथून चौक, चौकाभोवती ओसरी, पुढे माजघर, देवघर, धान्याचे बळद. वर माळवद. लाकडी खांब तळखड्यावर उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर पातळ किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. घराचे मोजमाप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, होते, कारण घर उभेच खणांवर असते. छताचा बराचसा भार लाकडी सांगाडा पेलतो. भोवतीची दगडमातीची जाड भिंत मुख्यतः आडोसा देते आणि ऊन अडवते. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो; तेव्हा दुपारी माळवदाखाली बसलेला माणूस आणि स्लॅबखाली बसलेला माणूस यांच्यातला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अशा घराची एखादी भिंत पडली म्हणजे घर पडले असे नव्हे. सांगाडा शाबूत असेल तर ती भिंत पुन्हा घालता येते, बाकीचे घर तसेच राहते. जुने गवंडी आणि सुतार हे जाणत होते. टेकू देऊन छत तोलून धरायचे आणि खालची भिंत उतरवून नवी उभारायची, हे त्यांचे नित्याचे काम होते. आज पडलेली भिंत पाहणारा अभियंता सिमेंट-काँक्रीटचे शिक्षण घेऊन आलेला असतो. मातीच्या भिंतीची ताकद मोजायची कशी, लाकडाच्या सांध्याची तपासणी करायची कशी, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. त्याच्या हातात दोनच शेरे असतात, सुरक्षित आणि धोकादायक. मधला शेरा, दुरुस्तीयोग्य, लिहायचा तर त्याखाली दुरुस्ती लिहावी लागेल, आणि ती लिहिण्याची तयारी ना त्याच्या शिक्षणाने केली ना नियमांनी.

घरमालकाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. आपल्याकडे जुने घर पाडले जाते ते मालकाला त्याचे मोल नाही म्हणून, असा शहरी माणसांचा समज असतो. मला तो अन्यायाचा वाटतो. प्रधानमंत्री आवास योजनेत महाराष्ट्रातल्या शहरी लाभार्थ्याला स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाख रुपये मिळत आले. त्यात केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. हे पैसे नवे घर बांधण्यासाठी किंवा घर वाढवण्यासाठी. खचलेली भिंत पुन्हा घालायला, कुजलेली तुळई बदलायला यात जागा नाही. भिंत मातीची, म्हणून घर कच्चे. आणि कच्चे म्हणून ते पाडून पक्के करायचे. बँकेकडे जा, नव्या बांधकामाच्या नकाशावर कर्ज मिळते, माळवदाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तिथे कोण वाचणार? त्यातच जुने सागवान विकत घेणारे व्यापारी दाराशी येतात. वाड्याचे खांब, हस्त, कोरीव चौकटी शहरातल्या हॉटेलांत नि फार्महाऊसांत जातात, आणि त्या लाकडाच्या पैशात मालकाच्या नव्या घराचा पाया भरला जातो. आखीव पत्रिकेवर सात-आठ वारसांची नावे असतात, त्यातले चार पुण्याला नि संभाजीनगरला. दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावर त्यांचे एकमत होत नाही, विकण्यावर होते. म्हणजे नवे बांधायला परवानगी, अनुदान, कर्ज, ठेकेदार असे सगळे रस्ते मोकळे आहेत; जुने टिकवायला एकही नाही. अशा स्थितीत जो माणूस घर पाडतो तो बेपर्वा नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या हिशेबात तोच एक आकडा जमतो.

आता या माणसाला कुणी सांगितले की तुझ्या घराचा दर्शनी भाग वारसा आहे, समितीला विचारल्याशिवाय खिडकी बदलू नकोस, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल की इतकी वर्षे छत गळत होते तेव्हा समिती कुठे होती. त्याचा प्रश्न योग्य आहे. दर्शनी भागाचे नियम करणाऱ्या कोणत्याही गावाने आधी या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे.

मुंबईने १९९५ साली वारसा नियम केले. देशातल्या अशा पहिल्या काही नियमांत त्यांची गणना होते. वास्तूंची यादी, तीन श्रेणी, वारसा परिसर, सल्ला देणारी तज्ज्ञ समिती. पहिल्या श्रेणीत जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले मर्यादित बदल, तिसरीत अधिक मोकळीक. समितीची शिफारस डावलायची तर आयुक्ताने कारणे लेखी नोंदवावीत, ही त्यातली अट मला फार मोलाची वाटते. मुंबईच्या फोर्ट भागाचे आज जे रूप शिल्लक आहे त्यात या नियमांचा मोठा वाटा आहे. पण त्याच नियमांत मालकाला भरपाई म्हणून जे दिले ते मुख्यतः हस्तांतरणीय विकास हक्क. तुला इथे मजले चढवता येत नाहीत, तर तेवढे क्षेत्रफळ दुसरीकडे वापरायला विक. मुंबईत हे चालते, कारण प्रत्येक चौरस फुटासाठी बिल्डर आसुसलेला असतो. सेलूत तो हक्क विकत घेणार कोण? जिथे गावाबाहेर प्लॉट सहज मिळतो तिथे हवेतल्या चौरस फुटाला गिऱ्हाईक नसते. दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारता येईल, असेही मुंबईच्या नियमांत लिहिले होते. उभारता येईल, उभारलाच पाहिजे असे नव्हे. माझ्या मते सगळ्या नियमावलीतली सर्वांत दुबळी जागा ती होती, आणि छोट्या गावात नेमकी तीच जागा सर्वांत बळकट असायला हवी. गिरगावातल्या खोताच्या वाडीचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. वारसा परिसर म्हणून नाव झाले, तरी एके काळी पासष्टच्या आसपास असलेले तिथले बंगले आज निम्म्याहून कमी उरले.

हैदराबादचा अनुभव आपल्याला आणखी जवळचा. १९५६पर्यंत आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. तिथे नगररचनेच्या नियमांतील तेराव्या नियमाने जुन्या वास्तूंना संरक्षण होते. डिसेंबर २०१५मध्ये सरकारने तो नियमच एका आदेशाने काढून टाकला. यादीतल्या घरांत राहणाऱ्या माणसांना आपला वाटणारा नियम असा एका आदेशासरशी पुसता येत नाही; रस्त्यावर नाही तरी निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागते. वरून आलेले, खाली काहीच न देणारे नियम तितक्याच सहजपणे वरूनच निघून जातात.

कायद्याचा दरवाजा सेलूला बंद आहे असे मात्र नाही. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्याने ज्या गोष्टींची तरतूद करायची त्यांत ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचे जतन आहे. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही वारसा जतनाचा भाग आहे. म्हणजे नगरपरिषदेला यादी करता येते, हरकती-सूचना मागवता येतात, राज्याकडे मंजुरीसाठी पाठवता येते. लहान गावे हा दरवाजा सहसा ठोठावत नाहीत, एवढेच.

दुरुस्तीला नियम कसा असतो, हे मराठवाड्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे त्यांच्याच घरांखाली गेली. मारले ते मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींनी. भिंतीचे आतले नि बाहेरचे असे दोन पदर एकमेकांना न बांधता उभे होते, मधली पोकळी गोट्यांनी आणि मातीने भरलेली होती; हादरा बसताच पदर सुटले. आणि वरून माळवदाचे ओझे. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कुठे कुठे छतावरची माती दीड-दोन फुटांवर गेली होती. अनेक घरांत लाकडी सांगाडा जागेवर उभा राहिला आणि भिंती भोवती ढिगाऱ्यात पडल्या, ही नोंद मला वारंवार विचारात पाडते. सांगाडा वाचवू शकत होता. घात केला तो न बांधलेल्या भिंतीने आणि न काढलेल्या मातीने.

त्यानंतर बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. शिवाय जी घरे पडली नव्हती अशा दीड लाखाहून अधिक घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम अनेक जिल्ह्यांत राबवला गेला. काय करायचे ते साध्या शब्दांत ठरले होते. माळवदावरची जादा माती उतरवा आणि पातळ थराखाली पाणी अडवणारा कागद घाला. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरकस टेकू द्या, म्हणजे सांगाडा डोलणार नाही. भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध ठरावीक अंतरावर बसवा. वरून पट्टा बांधा. भूकंपाच्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने कमी ताकदीच्या बांधकामाला भूकंपरोधक करण्याची आणि जुन्या इमारती सावरण्याची स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या घरांसाठीचे शास्त्र गेली तीन दशके आपल्या कपाटात आहे. पण लोकांचा दगडमातीवरचा विश्वास इतका उडाला होता की मिळालेल्या पैशात अनेकांनी जुने घर सावरण्याऐवजी शेजारी नवी खोली काढली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र त्यातून एक धडा नियम करणाऱ्याने घ्यावा. कागदावर लिहिलेली दुरुस्ती पुरत नाही. पहिल्या दहा-वीस घरांत ती करून दाखवावी लागते, शेजाऱ्याला हाताने चाचपून पाहता यावी लागते.

किल्लारीतून निघणारी दुसरी गोष्ट जतनाच्या भाबड्या कल्पनेला धक्का देणारी आहे. पिढ्यांची रीत म्हणून जी माती आपण छतावर टाकत राहिलो ती रीतच घातक होती. तेव्हा जुने घर जपणे म्हणजे त्यातले सगळे जसेच्या तसे ठेवणे नव्हे. चांगला नियम काही गोष्टी ठेवायला सांगेल, तसाच काही बदलायला भागही पाडेल. माळवदाची जादा माती काढलीच पाहिजे, टेकू दिलेच पाहिजेत, संडास-न्हाणीचे पाणी मातीच्या भिंतीत मुरता कामा नये. आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही आणि भिंत आतून सडते. पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा गिलावा दिसायला साधा असतो, पण भिंत कोरडी ठेवतो. गिलाव्याचा हा एका वाक्याचा नियम सेलूत अमलात आला, तर माझ्या अंदाजाने दर्शनी भागाविषयीच्या कोणत्याही नियमापेक्षा तो अधिक घरे वाचवील.

रूपाचे नियम नकोतच, असे मी म्हणत नाही. ते थोडे हवेत आणि ते घरापेक्षा गल्लीसाठी हवेत. गल्लीत सगळ्यांचे जे सामाईक आहे तेवढेच पालिकेने पाहावे. ओटा रस्त्याला लागून सलग राहावा, त्याच्या जागी शटरचे गाळे येऊ नयेत. नवे घर शेजारच्या जुन्या घराच्या डोक्यावर तीन मजले उंच जाऊन त्याचा चौक अंधारात टाकू नये. छताचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये. मागच्या बाजूला मालकाने हवी तशी खोली, हवे तसे स्वयंपाकघर, हवा तसा जिना करावा. चौकावर काचेचे छप्पर घालावे. घराच्या आत डोकावणारा नियम मला मान्य नाही. त्यात राहणाऱ्या सुनेला गॅसचा ओटा कुठे हवा हे समितीने ठरवायचे काम नाही.

सेलूत सर्वांत आधी जो नियम काढून टाकायला हवा तो मात्र आधीच आहे. जुन्या गावांच्या विकास आराखड्यांत गल्ल्यांवर रस्तारुंदीच्या रेषा सर्रास मारलेल्या असतात. ज्याने घर पाडून नवे बांधले त्याने मागे सरकायचे, ज्याने पाडले नाही त्याचे तिथेच. त्यामुळे गल्ली वर्षानुवर्षे दातांमध्ये फटी पडल्यासारखी दिसते. ना रस्ता रुंद होतो, ना ओट्यांची ओळ राहते. अग्निशमनाची गाडी आत आली पाहिजे हा युक्तिवाद खरा आहे, पण त्याला गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आणि पाइपची जोडणी हे स्वस्त उत्तर आहे. पुढच्या आराखड्याच्या फेरविचारात जुन्या वस्तीवरच्या या रेषा पुसल्या, तर डिझाइनच्या नियमांचे अर्धे काम एकही समिती न नेमता होईल.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे जुने गाव कुणाचे? या गल्ल्या जातींनी आखलेल्या होत्या. वाड्याच्या चौकातल्या आडावर सगळ्यांनाच पाणी भरता येत नव्हते. ज्या माजघराच्या गारव्याचे मी कौतुक केले त्याच माजघराच्या अंधारात विधवांची आयुष्ये गेली. ही घरे ज्या वडारांनी दगड फोडून, ज्या सुतारांनी तुळया तासून उभी केली त्यांचा त्या घरांच्या ओसरीवर हक्क नव्हता. अशा घरांच्या जतनासाठी सार्वजनिक पैसा का द्यावा, असे कुणी विचारले तर त्याला जुन्या दिवसांच्या हुरहुरीने उत्तर देता येत नाही. मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. त्या घरात टिकवण्याजोगे जे आहे ते मालकाच्या ऐश्वर्यापेक्षा त्या कारागिरांचे ज्ञान आहे, आणि घर पडले की मालकाचे नाव सातबाऱ्यात, वंशावळीत, देवळाच्या पाटीवर राहते. कारागिराचे जे होते ते मात्र पूर्ण नाहीसे होते. दुसरी गोष्ट, नियम गल्लीचा असेल, वाड्याचा नसेल, तर श्रेणीच्या यादीत कधीही न येणारे दोन खणांचे छोटे घरही त्याच्या आसऱ्यात येते. दुरुस्तीचे अनुदान घराच्या भव्यतेवर न देता घराच्या गरजेवर द्यावे. मोठ्या वाड्याच्या मालकाने निम्मा खर्च स्वतः करावा. दोन खणांच्या घराला पूर्ण मदत मिळावी. मला हे न्यायाचेच नव्हे, तर हुशारीचेही वाटते, कारण नियमाला गावात पाठीराखे मिळतील ते या घरांतून.

घरमालकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा यानंतरही उरतो. माझी जागा, माझे घर, मी पाडीन नाही तर ठेवीन. लहान गावात या भावनेची ताकद मोठी आहे आणि ती तुच्छ लेखू नये. निजामी अंमलात आणि त्यानंतरही इथल्या माणसाने सरकारी कागदाचा जाच पुष्कळ सोसला आहे. पण आपण हे स्वातंत्र्य आधीच पुष्कळ ठिकाणी मर्यादित केले आहे. सांडपाणी शेजाऱ्याकडे सोडता येत नाही, उंची नियमाबाहेर नेता येत नाही. प्रश्न बंधन असावे की नसावे हा नाही. बंधन घालणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात काय दिले, हा आहे. मालमत्ता करात सूट, दुरुस्तीला विनाशुल्क आणि तातडीची परवानगी, गवंड्याच्या मजुरीचा काही हिस्सा. एवढे हाती पडल्यावर ओटा राखण्याची अट जाचक राहत नाही, तो सौदा होतो.

जपानच्या किसो खोऱ्यातले त्सुमागो हे गाव मला म्हणूनच विचार करण्याजोगे वाटते. जुन्या राजमार्गावरचा हा मुक्काम रेल्वे दुसरीकडून गेल्याने ओस पडत गेला. आपले सेलू रेल्वेने वाढले, त्सुमागो रेल्वेने मागे पडले. १९६८च्या सुमारास तिथे घरांची दुरुस्ती सुरू झाली आणि १९७१मध्ये रहिवाशांनी स्वतःची सनद केली: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. सरकारने जुन्या वस्त्यांच्या जतनाची तरतूद कायद्यात आणली ती त्यानंतर, १९७५ साली. आधी दुरुस्ती, मग गावाचा शब्द, मग कायदा. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये जुन्या वस्तीसाठी बांधकाम पाहणी मंडळ नेमले. त्या व्यवस्थेचे पुढे देशभर अनुकरण झाले. तिथे घरे वाचली, पण वस्ती इतकी महाग झाली की पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक काळ्या कुटुंबांना तिथून निघावे लागले. सेलूला महागाईची भीती तूर्त नाही, ओस पडण्याची आहे. तरीही जतनाचे यश घरांवरून मोजायचे की त्यात राहणाऱ्या माणसांवरून, हे आधीच ठरवलेले बरे.

निर्णय घेणारे कोण असावेत? सेलूत वारसा वास्तुतज्ज्ञांची समिती भरवता येणार नाही, आणि भरवली तरी ती दोन बैठकांनंतर बंद पडेल. पण परभणी जिल्ह्यात सेलू, पाथरी, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशी सारख्याच घरांची गावे आहेत. या सगळ्यांसाठी मिळून एक जिल्हापातळीची समिती पुरे. संभाजीनगरहून एक वास्तुविशारद, एक संरचना अभियंता, आणि मत देण्याच्या पूर्ण अधिकारासह एक जुना गवंडी नि एक सुतार. दर महिन्याला एका गावात बैठक, घरासमोर उभे राहून. १९६६च्या कायद्यात साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानायची तरतूद आहे. दुरुस्तीसाठी ही मुदत पंधरा दिवसांवर आणावी. नकार द्यायचा तर मुंबईसारखीच कारणे लेखी द्यावीत, आणि नकारासोबत पर्यायही. नुसता नकार देण्याचा अधिकार या समितीला नसावा.

गावात काही करायची धमक नाही, असे कुणी म्हणू नये. सेलू तालुक्यातल्याच वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली. बारव सगळ्यांची होती म्हणून सगळे उतरले, घर एकाचे असते म्हणून कुणी उतरत नाही, हा फरक मला मान्य आहे. पण गल्ली सगळ्यांची आहे.

यातले बरेच काही मंजुरीसाठी मुंबईला जाईल आणि वेळ घेईल. एक गोष्ट मात्र नगरपरिषद स्वतःच्या ठरावाने येत्या उन्हाळ्यात करू शकते. मे महिन्यात धोकादायक घरांची पाहणी होईल तेव्हा अभियंत्यासोबत एक अनुभवी सुतार आणि एक गवंडी पाठवावा, त्यांना दिवसाची मजुरी द्यावी. नोटिशीला दुसरे पान जोडावे. त्यावर सांगाडा कसा आहे, कोणती भिंत उतरवायची, छतावरची किती माती काढायची, कोणते लाकूड बदलायचे आणि खर्च अंदाजे किती, हे मराठीत, सह्यांसह लिहिलेले असावे. ज्या घरांचा सांगाडा शाबूत ठरेल त्यांतल्या पहिल्या दहा घरांच्या दुरुस्तीसाठी पालिकेने आपल्या अंदाजपत्रकात एक रक्कम बाजूला काढावी आणि त्या घरांचा त्या वर्षीचा मालमत्ता कर माफ करावा.